तिरप्या मोटारीचा जावईशोध

मामाजी, काल मी तुमच्या मोटारीखाली शिरलो. तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले होते. सदरा काढून खुंटीला टांगला, नट खोलायचे पाने ओसरीवरून मुद्दाम खडखड वाजवत नेले आणि कडुनिंबाखाली गाडीजवळ जाऊन थोडा वेळ नुसताच उभा राहिलो. कोणीतरी 'राहू द्या ना जी' म्हणेल असं वाटत होतं. कोणी म्हणालं नाही. ज्या कामासाठी पाच वर्षं मनात तुमच्याशी भांडलो, ते करायला आता मोकळं रान होतं, आणि तेच मला सोसेना. राग आला. तुमचाच आला.

गेले पंधरा दिवस जो येतो तो म्हणतो, मास्तर म्हणजे देवमाणूस. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, देवमाणसाचा जावई होऊन पाहा एकदा, मग बोला.

तुम्ही कळंबच्या शाळेचे हेडमास्तर आणि मी यवतमाळच्या गॅरेजातला मिस्तरी. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी सुमनचं माझ्याशी लग्न लागलं. थोरल्या मुलीला तुम्ही तहसील कचेरीतला मुलगा पाहिला होता, आणि धाकटीला मी. ही सोयरीक तुम्ही का केलीत, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं म्हणा. पण लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तुमच्या कुणा पाहुण्यांकडे मांडवात तुम्ही आमची ओळख करून दिली, ती माझ्या डोक्यात बसली. थोरल्याकडे हात करून म्हणालात, "हे आमचे मोठे जवाई, तहसीलीत हायेत." मग माझ्याकडे वळून, "अन् हे लायने. यवतमाळले राह्यतात."

यवतमाळले राह्यतात. यवतमाळला काय फक्त राहतो मी? तिथे दोन माणसं हाताखाली ठेवून गॅरेज चालवतो. जिनिंगवाल्यांचे ट्रक पुसद-दारव्ह्याहून माझ्याकडे येतात. ते एक वाक्य मी किती वर्षं चघळलं, हे सुमनला विचारा. ती म्हणायची, "बाबा गडबडीत असतीन." मी म्हणायचो, हेडमास्तर कधी गडबडीत असतो का?

तुम्ही निवृत्त झालात आणि गावातल्या जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर बदलून जाताना त्याची जुनी मोटार घेतलीत. मला आनंद झाला. वाटलं, आता तरी मास्तरांना जावयाचा धंदा काय असतो ते कळेल. आणि तसे ते दिवस बरेही गेले. त्या गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन संध्याकाळी आपण ओसरीवर बसायचो. चित्रं मला कळायची, शब्द तुम्हाला. तुम्ही एकेका भागाचं मराठी करायचात. गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाला जो दुवा असतो त्याला इंग्रजीत बेडीचाच शब्द आहे, हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा मी वीस वर्षं ज्याला हात लावत होतो त्याचा अर्थ मला कळला. शॉकअपला तुम्ही 'धक्कागिळू' म्हणालात, आणि मामीजी आतून हसल्या. तेवढ्यात मी 'डायवर' म्हणालो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ड्रायव्हर." एवढंच. रागाने नाही, सवयीने. चाळीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारलेला माणूस तुम्ही. पण मी त्या दिवसापासून तुमच्यासमोर जीभ सांभाळून बोलायला लागलो. गॅरेजची भाषा चौदा मैल मागे यवतमाळात ठेवायची आणि कळंबला पुस्तकातलं बोलायचं, असं ठरवूनच टाकलं.

दोन वर्षांत गाडीचे मागचे पाटे बसले. बसणारच. कळंबहून तांड्याकडच्या बैलगाडीच्या वाटेवर तुम्ही ती घालायचात, कोणाची बाळंतीण आण, कोणाचा म्हातारा दवाखान्यात ने. शॉकअपमधलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. खड्डा आला की मागचं अंग धडकन आपटायचं आणि मागे बसलेल्याचं डोकं छताला लागायचं. मी म्हणालो, "मामाजी, गाडी गॅरेजात आणा. एका दिवसाचं काम आहे."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काही अभद्र बोललो. "जवायाकून काम करून घिऊ? पोरीच्या घरचं पाणी नाही पेलो मी अजून."

खरंच होतं ते. आमच्याकडे आलात तरी गाडीत तुमची सुरई असायची. सुमन चहा करून समोर ठेवायची आणि तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवून सुरईतलं पाणी प्यायचात. तिला ते किती लागायचं, हेही एकदा सांगून टाकतो.

मी म्हणालो, मग दुसऱ्या कोणाच्या गॅरेजात टाका.

"वा! लोक काय म्हणतीन? जवायाचं गॅरेज असून मास्तर दुसरीकडे काहून गेला? तुमचं नाव खराब करू का मी?"

म्हणजे माझ्याकडे आणायची नाही, कारण मी जावई. दुसरीकडे न्यायची नाही, कारण मी जावई. राहता राहिलं तुमचं अंगण, आणि कामाला तुम्ही स्वतः, साठी उलटलेले. मी डोक्याला हात लावला. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की नागपूरहून पाटे आणि शॉकअप मागवायचे, ते निवडायचे मी, आणि लावताना बाजूला बसून सांगायचं. हात लावायचा नाही. "तुमी नुस्तं सांगा, जवाईबापू. मी करतो. मास्तर लोकाइले आयकून काम कराची सवय नसते, पण शिकीन."

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. धोंड्याच्या जेवणाला तुम्ही मला बोलावलंत आणि कामही त्याच दिवशी काढलंत. आता या दिवशी जावई म्हणजे नारायण. सकाळी मामीजींनी ओवाळलं, कोरं पांढरं धोतर आणि सदरा दिला, ते तिथेच अंगावर चढवायला लावलं. आणि त्या कपड्यांत मला ओसरीवर बाजेवर बसवून तुम्ही अंगणात जुनी बंडी घालून मोटारीखाली शिरलात.

त्या दिवसाची आठवण आली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गॅरेजात गाडी उचलायला माझ्याकडे जॅक होता, खाली द्यायला लोखंडी घोड्या होत्या. पण जावयाच्या गॅरेजची अवजारंसुद्धा तुम्हाला चालणार नव्हती. तांड्यावरचा हरसिंग तुमच्या मदतीला आला. त्याने एक लांब बल्ली लावून गाडीचं मागचं अंग उचललं आणि तुम्ही खाली दगड रचलेत. दगडावर दगड! वर अख्खी मोटार आणि खाली तुम्ही. मी बाजेवर, हातात पानसुपारीची तबकडी.

हरसिंग घाम पुसत म्हणाला, "आमच्यात जवाई आला का बकरं पडते. तुमच्यात मोटार पडते का काय मास्तर?"

तुम्ही खालून हसलात. मला हसू आलं नाही. मी ओरडून सांगत होतो, आधी चाकांना अडकण लावा, मग यू-बोल्ट सोडा. तुम्ही आधी यू-बोल्ट सोडलेत. मी सांगत होतो, गंजलेल्या नटावर रॉकेल टाका आणि थोडा दम खा. तुम्ही पान्यावर पाय देऊन जोर करत होतात. जे काम माझे हात डोळे मिटून करतात, ते मला तोंडाने करायचं होतं, आणि तोंडाने काम करायची सवय तुम्हाला होती, मला नव्हती. तासाभरात माझा घसा बसला.

आणि मग तो दगड सरकला. फार नाही, बोटभर. गाडी हलली, कर्र आवाज झाला. मी तबकडी टाकून पळालो, धोतर सावरत, बंपरला दोन्ही हातांनी धरायला. बंपरला धरून मोटार थांबते का कधी? पण डोकं कुठे होतं जागेवर! आणि खालून तुमचा शांत आवाज आला, "जवाईबापू, सदरा खराब होईन तुमचा."

मामाजी, तेव्हा मी काही बोललो नाही. आज बोलतो. मी सहा वर्षांचा असताना वडील गेलेले. दुसऱ्यांदा तेच पाहायचं का, एवढं एकच माझ्या मनात आलं, आणि तुम्हाला सदऱ्याची पडली होती. मला त्या क्षणी तुम्हाला पायाला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. तुमचा जावई म्हणून नाही. मुलगा म्हणून. पण ते तुम्ही मला कधी होऊच दिलं नाहीत. पाटावर बसवलंत, ओवाळलंत, आणि पाटावरच ठेवलंत.

संध्याकाळपर्यंत नवे पाटे लागले, धक्कागिळू लागले. दगड काढले, गाडी जमिनीवर टेकली. आपण सगळे मागे सरून पाहायला लागलो. गाडी ड्रायव्हरच्या बाजूला कलली होती. चांगली चार बोटं.

मी सांगितलं, पाटे अदलाबदल झाले. ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा थोडा जास्त कमानीचा असतो, कारण तिकडे एक माणूस नेहमीच बसलेला. तो तुम्ही पलीकडे लावला. तुम्ही म्हणालात, "तुमी जसं सांगतलं तसंच लावलं." मी म्हणालो, मी असं सांगेन कसं? वीस वर्षं हेच करतोय. तुम्ही म्हणालात, "नाही, पण तुमी..." आणि थांबलात. मी चिडलेलो होतो. मामीजींसमोर, सुमनसमोर, हरसिंगसमोर म्हणालो, "मामाजी, पोरांना पाढे शिकवणं वेगळं आणि पाटे बसवणं वेगळं." तुम्ही बंडीला हात पुसलेत आणि आत गेलात.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला निघालो तेव्हा तुम्ही स्टँडवर सोडायला आलात. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो, बदलून टाकू. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. चालते तशी."

चालली. पाच वर्षं चालली. अख्ख्या कळंबने तिला 'तिरपी' नाव ठेवलं. चिंतामणीच्या दर्शनाला आलेले लोकसुद्धा वळून पाहायचे. आणि एकदा मी स्वतः बाजारात तुमच्या मागेच होतो, तेव्हा किराणावाल्याने तुम्हाला छेडलं. "काय मास्तर, जवाई मिस्तरी अन् गाडी तिरपी?" तुम्ही ताड्कन म्हणालात, "जवायाचा हातच नाही लागला तिले. मी लागू देल्ला नाही. हे माह्यं काम हाये."

मी लागू देल्ला नाही. मला वाटलं, भर बाजारात याहून वेगळं काय बोलणार हे? मिस्तरी जावयाचा काळा हात आपल्या गाडीला नको, हेच ना? यवतमाळले राह्यतात, तेच हे. मी घरी येऊन सुमनला म्हणालो, तुझ्या बाबांना माझी लाज वाटते. ती रडली. त्यानंतर मी कळंबला आलो तो सणावाराला, आलो तरी पाहुण्यासारखा. तुम्ही चार वेळा पुस्तक काढलंत ओसरीवर. मी दोनदा डोकं दुखतं म्हणालो. बाकीच्या दोन वेळी काय म्हणालो ते आठवत नाही, पण बसलो नाही. तुमच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवशी सकाळी चहा पिताना, तेव्हाही मी यवतमाळात एका ट्रकखाली होतो. पोचलो तेव्हा तुम्हाला खाली घेतलेलं होतं.

तर काल. यवतमाळहून मी जॅक आणला, घोड्या आणल्या. दगडांना हात लावला नाही. गाडी उचलली, चाकं काढली आणि पाठीवर पडून आत सरकलो. मनात एकच खुन्नस होती की तुमची चूक एकदाची सुधारायची. पलीकडच्या बाजूचा पाटा मातीने आणि ग्रीसने लिंपलेला होता. रॉकेलचा बोळा घेऊन पुसला. खाली पांढऱ्या रंगात एक अक्षर निघालं. 'डा'. वर सरळ शिरोरेघ ओढलेली. फळ्यावर काढावं तसं.

मी तसाच पडून राहिलो. हळूहळू आठवायला लागलं. पाटे बांधून आलेले अंगणात पडले होते आणि मीच बाजेवरून ओरडलो होतो, हा जास्त कमानीचा, हा डावीकडचा, लिहून ठेवा. तुम्ही लिहून ठेवलं. गाडीचं तोंड घराकडे होतं. मी तिच्यासमोर बसलो होतो. ड्रायव्हरची बाजू माझ्या डावीला येत होती. माझ्या डावीला, मामाजी. गाडीच्या नाही. तुम्ही शिस्तीने 'डा' लिहिलेला पाटा गाडीच्या डावीला लावलात.

आता ऐका, ही चूक कशी झाली. आमच्या गॅरेजात डावी-उजवी कोणी म्हणतच नाही. डायवर साइड म्हणतात आणि क्लीनर साइड म्हणतात, म्हणजे उभा राहा, झोपा, उलटे लटका, चूक व्हायची सोय नाही. मी तोंडातून 'डायवर साइड' एवढं काढलं असतं तर गाडी त्याच दिवशी सरळ उभी राहिली असती. पण तुमच्यासमोर मला शुद्ध बोलायचं होतं. हेडमास्तरांच्या अंगणात डायवर कसं म्हणायचं? म्हणून 'डावीकडचा' म्हणालो. लाज माझी मलाच वाटत होती, आणि ती पाच वर्षं मी तुमच्या नावावर खपवली.

बाहेर आलो. मामीजी हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय निंघालं?"

खोटं बोलता आलं असतं. पाटे बदलले, झालं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "मामीजी, चूक माझी होती. मामाजींनी मी सांगितलं तसंच लावलं होतं."

त्या पाणी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये."

"कसं?"

"तुमी गेलते यवतमाळले, त्याच दिवशी हे तुमच्या बाजीवर जाऊन बसले. तुमी बसलते तसेच. गाडीकडे पाह्यलं अन् हासाले लागले. म्हणे, जवायाची डावी अन् मोटारीची डावी येगळी निंघाली."

मी तांब्या त्यांच्या हातून घेतला. मग एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं? पाटे का नाही बदलून घेतले?

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, पाटे बदलले का सारं गाव इचारीन, कोनाचं चुकलं. जवाईबापूच्या हाताचं नाव हाये यवतमाळात. ते गेलं तं कोण गाडी टाकीन त्यायच्याकडे? माह्यं काय, मी मास्तर हाव. माह्या हातून पाना चुकला तं कोणी हासत नाही. फिरू दे तिरपी."

मामाजी, हे काय केलंत तुम्ही? पाच वर्षं त्या कललेल्या सीटवर बसून कंबर मोडून घेतलीत, बाजारात बोलणी खाल्लीत, मी पाढ्यांवरून बोललो तेही गिळलंत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? बाजूला घेऊन सांगायचं होतं. कानात सांगायचं होतं. चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्यात, माझीच एक झाकून ठेवायची होती का? मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं! ओसरीवर पुस्तक उघडून तुम्ही वाट पाहत बसायचात, आणि मी आत जाऊन पडायचो. हे टळलं असतं ना. तुमचा मोठेपणा मला कळतो, पण मला तो नको होता. मला त्या ओसरीवरच्या संध्याकाळी हव्या होत्या.

आणि त्या मांडवातल्या ओळखीचं काय, ते अजून मला माहीत नाही. ते तुम्हालाच विचारायचं होतं. असेल तुमची गडबड. सुमन म्हणते तसं.

काल दिवस बुडायच्या आत पाटे बदलून झाले. गाडी सरळ झाली. आज सकाळी मी ती बाजारात नेली, किराणावाल्याच्या दुकानासमोर उभी केली आणि खाली उतरलो. हरसिंग तिथेच होता, आणखी दहाबारा माणसं होती. मी मोठ्याने सांगितलं की ही गाडी पाच वर्षं तिरपी फिरली ती माझ्या चुकीने, मास्तरांच्या नाही. मी मिस्तरी, आणि मला डावं-उजवं कळलं नाही. किराणावाला वजन हातात धरून तसाच राहिला. कोणी हसलं, कोणी नाही. उद्या यवतमाळात गॅरेजातही हेच सांगणार आहे, ट्रकवाल्यांना, सगळ्यांना. नाव जायचं तर जाईल.

तुम्ही म्हणाल, राहू द्या ना जी, कायले सांगता. नाही राहू देत. या, अडवा मला.